मागच्या गल्लीतला बाजार हटवायला निघालेल्या आमच्या सोसायटीकरांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

अध्यक्ष साहेब, सेक्रेटरी काका, खजिनदार ताई आणि शनिवारच्या मीटिंगनंतर त्या अर्जावर सह्या ठोकलेले एक्केचाळीस फ्लॅटवाले, हे तुम्हा सगळ्यांना. ग्रुपवर लिहिणार होते, पण तिथे तीन ओळींच्या पुढे कोणी वाचत नाही आणि चौथ्या ओळीवर कोणीतरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल आणून ठेवतं, म्हणून इथे उघडच लिहिते. शहराचं नाव लिहीत नाही, सोसायटीचं तर नाहीच, मध्य रेल्वेवर कल्याणच्या आसपास एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

अर्ज मी वाचला. दोनदा वाचला. मागच्या गल्लीत भरणारा बाजार "अनधिकृत, अस्वच्छ व रहदारीस अडथळा आणणारा" आहे, त्याने "परिसराच्या दर्जास बाधा" येते, आणि "आता सर्व वस्तू घरपोच उपलब्ध असल्याने सदर बाजाराची आवश्यकता उरलेली नाही, सबब तो कायमस्वरूपी हटवण्यात यावा". हे "सबब" कोणाचं ते ओळखलं हां काका, सरकारी नोकरीत जन्म गेला की असं होतं. भाषा चोख आहे, खोट काढायला जागा नाही. म्हणणं मात्र मला पटलेलं नाही, मी सही केलेली नाही, आणि का केली नाही ते नीट सांगायचंय कारण लिफ्टमध्ये भेटल्यावर दोन मजल्यात काय सांगून होणार.

आधी माझी कबुली. मागची दीड वर्षं मी स्वतः भाजी ॲपवरूनच मागवत होते. बँकेत नोकरी, सव्वाआठला घर सोडायचं, संध्याकाळी कर्जत फास्टमधून चेंगरून उतरायचं आणि मग परत चिखलात उभं राहून दुधी हाताने दाबून बघायचा, नकोसं व्हायचं. गाडीत बसल्या बसल्या ऑर्डर टाकली की मी चपला काढायच्या आत पिशवी दारात. कांदे-बटाटे तर कधीकधी बाजारापेक्षा स्वस्त पडायचे, खोटं कशाला बोलू. सडका टोमॅटो निघाला की फोटो पाठवायचा, दोन मिनिटांत पैसे परत, वादावादी नाही काही नाही. त्यामुळे ॲप वापरणाऱ्यांना नावं ठेवायला मी आलेले नाही, उद्याही कधी उशीर झाला की मीच मागवणार आहे.

पण ह्या दीड वर्षात एक गंमत झाली. मला आत्ता कशाचे दिवस आहेत तेच कळेनासं झालं. ॲपवर बाराही महिने तोच फ्लॉवर, तोच सोललेला मटार, तीच तीन रंगांची ढोबळी मिरची, आणि वर "तुम्ही नेहमी घेता" म्हणून मागच्याच आठवड्याची यादी. म्हणजे मी काय खायचं ते मीच मागच्या आठवड्यात ठरवून ठेवलेलं. बाजारात तसं नसतं ना. जानेवारीत भोगीच्या आदल्या दिवशी गल्लीत शिरलात तर काही मागावंच लागत नाही, "भोगीचं दे" म्हटलं की भाजीवाली वालपापडी, वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरं, उसाचं कांडं असं सगळं मुठीमुठीने एका पिशवीत भरून देते. ऋषीपंचमीला तसंच, अळू, माठ, पडवळ, शिराळं, सुरणाची फोड, मक्याचं कणीस, सगळं थोडं थोडं, चार माणसांच्या घराला पुरेल असं. ॲपवर ही भाजी करायची तर सात वेगवेगळी पाकिटं घ्यावी लागतात आणि मग पुढचे आठ दिवस पडवळ. बाजारातल्या बाईला माहितीये की आज कोणता सण आहे आणि तुमच्याकडे किती माणसं जेवतात, हे मी ऐकीव सांगत नाहीये, मला स्वतःला एकीने "आज एकच जुडी? पोरगी हॉस्टेलला गेली वाटतं" असं विचारलंय आणि खरंच गेली होती.

आता जून लागलाय. गल्लीच्या टोकाला, इस्त्रीवाल्याच्या पुढे, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, तिथे ती शेवळंवाली मावशी बसते. सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी तिला बघितलंय मला माहीत नाही कारण ती सकाळी सातला येते आणि माल संपला की साडेनऊला उठून जाते. कसाऱ्याकडच्या एका पाड्यावरून येते. आदल्या दिवशी रानात फिरून शेवळं काढायची, रात्री निवडायची, पहाटेच्या गाडीच्या मालडब्यातून इथवर, आणि निळ्या प्लास्टिकवर सागाची पानं पसरून त्यावर वाटे लावायचे. एका वाट्यात दहा-बारा शेवळं आणि वर ठेवलेली चार काकडं, म्हणजे शेवळांत घालायची आंबट रानफळं. ज्यांनी शेवळं बघितलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, ही रानभाजी, वीतभर लांब, तपकिरी-जांभळट, न उमललेल्या कळीसारखी गुंडाळलेली, माझी मुलगी लहानपणी त्याला साप म्हणायची. पहिल्या पावसाच्या आगेमागे येतात आणि तीन-चार आठवड्यांत गायब.

परवा मी वाटा घेतला आणि म्हटलं, मावशी काकडं राहू दे, मी चिंच घालेन, दोन पैसे कमी कर. तर म्हणाली, "काकडं नको तर शेवळं पण नको नेऊ. घसा धरला की माझं नाव घेशील." आणि वाटा उचलून परत पानावर ठेवला. म्हणजे गिऱ्हाईक समोर पैसे काढून उभं आहे आणि ही विकायला तयार नाही. मग मीच ओशाळून काकडांसकट घेतला. शेवळं खाजरी असतात, अळूत असतात तसे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात त्यात, म्हणून आंबट लागतंच, आणि आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा असतो, तो राहिला तर मग काही खरं नाही. तिने माझ्यासमोर एक शेवळं सोलून दाखवलं, "हे टाक, हे ठेव, हे चीर". तीस वर्षं मी शेवळं खातेय तरी तिने दाखवलं आणि मी बघितलं, कारण ती प्रत्येकाला दाखवते. पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ना, ते इथे माणूस स्वतः सांगतो आणि ऐकलं नाही तर माल देत नाही.

आणि आता गंमत ऐका. अर्जावर सही नंबर चौदा कोणाची आहे? चौथ्या मजल्यावरच्या काकूंची. काकू, रागावू नका, पण तुम्ही सीकेपी, शेवळाची कणी तुमच्याकडची, कोलंबी घालून केलेली तर मी जन्मात विसरणार नाही, आणि दरवर्षी मे संपत आला की तुम्हीच मला खालून हाक मारता, "अगं शेवळं दिसली का गं?" ही शेवळं कुठून येतात असं वाटत होतं तुम्हाला?

बरं, "अनधिकृत" वर येऊ. हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला, उपजीविकेचं संरक्षण आणि पथविक्रय विनियमन असं लांबलचक नाव आहे त्याचं. त्यात म्हटलंय की शहरात दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. हलवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस. नाशवंत माल जप्त केला तर त्याच दिवशी परत. आणि विकणारे-घेणारे जिथे पूर्वापार जमतात त्या जागेला ह्या कायद्यात चक्क नैसर्गिक बाजार असं नाव दिलंय, पन्नास वर्षांच्या वर चालत असेल तर वारसा बाजार. आपली गल्ली काही पन्नास वर्षांची नाही. पण ज्याला आपण अनधिकृत म्हणतोय त्याला अधिकृत करण्याचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते वेळेत केलं का, हे त्या बाईला विचारून काय उपयोग?

हे मी बँकेच्या काउंटरवरून सांगतेय. २०२० च्या जूनमध्ये केंद्राने पीएम स्वनिधी आणली, फेरीवाल्यांना बिनातारण दहा हजारांचं पहिलं कर्ज. आमच्या शाखेत रांगा लागल्या. प्रत्येकाला विचारायचं, प्रमाणपत्र आहे का, ओळखपत्र आहे का, नसेल तर शिफारसपत्र आणा. वीस-वीस वर्षं एकाच फुटपाथवर बसलेल्या बायका, आपण तिथे बसतो हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काय होतं तर रोजच्या बाजार फीच्या पावत्या. एक बाई अशा पावत्यांचा गठ्ठा घेऊन आली होती, पोह्यांच्या पिशवीत रबर लावून. म्हणजे रोज पैसे भरून पावती फाडून घेतलेला माणूस अनधिकृत, आणि पावती फाडणारा? असो, हा विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

आता हा बाजार आपल्या गल्लीत आला कसा तेही नवीन लोकांना माहीत नसेल. आधी ह्या बायका स्टेशनच्या जिन्याखाली बसायच्या. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली. त्यानंतर सगळीकडे स्टेशनजवळचे फेरीवाले हटवायला सुरुवात झाली आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने सांगितलं की स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत कोणी बसायचं नाही. ते बरोबरच होतं असं माझं मत आहे, मी स्वतः त्या पुलावरून शंभर वेळा गेलेय, आजही पाऊस आला आणि पुलावर गर्दी दिसली की पोटात गोळा येतो. पण दीडशे मीटरच्या पलीकडे कुठे बसायचं हे सांगायचं राहूनच गेलं. मग त्यांनी आपली आपण जागा शोधली. आपली गल्ली. तेव्हा आपल्यालाच केवढा आनंद झाला होता, आठवतंय का खजिनदार ताई, "बरं झालं बाई, आता स्टेशनपर्यंत जायला नको" हे तुमचे शब्द.

आणि २०२०. एप्रिलमध्ये ॲपवाल्यांचा स्लॉट मिळत नव्हता, रात्री बारा वाजता मोबाईल घेऊन बसायचो आणि बारा वाजून दोन मिनिटांनी सगळं फुल. लोकल बंद. तेव्हा ह्याच बाजारातल्या चार बायकांनी एक टेम्पो ठरवला आणि सकाळी सहाला गेटवर उभ्या राहायला लागल्या. ए विंग सहा ते साडेसहा, बी विंग साडेसहा ते सात, खडूने आखलेल्या गोलात आपण उभे. भाजी घरी नेऊन सोड्याच्या पाण्यात बुडवायचो तो भाग वेगळा. त्या दिवसांत कमिटीने त्यांचे आभार मानणारा मेसेज टाकला होता, हात जोडलेल्या तीन इमोजींसकट, मी शोधून काढलाय, हवा तर पाठवते.

आता घाण. हो, आहे. दुपारी अकरा-बारानंतर त्या गल्लीतून जाताना कोबीची पानं, मटाराची टरफलं, पावसात त्याचा काला, नाक धरावं लागतं. ह्यावर माझा काही वाद नाही. पण मला सांगा, साठ-सत्तर माणसं रोज पाच तास जिथे बसतात तिथे एक नळ नाही, एक कचऱ्याची पेटी नाही, एक मुतारी नाही. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत कारण प्यायलं तर जायचं कुठे. कोथिंबीरवाल्या मावशीने एकदा आपल्या वॉचमनच्या संडासाबद्दल विचारलं होतं, तिला काय उत्तर मिळालं ते मी गेटवर उभी राहून ऐकलं आणि मीही काही बोलले नाही. ते आठवलं की अजून लाज वाटते. कचऱ्याची गाडी आपल्या गेटवर साडेसातला येते, बाजार उठतो बाराला. गाडीची वेळ बदला म्हणून आपण कधी अर्ज केला? एक्केचाळीस सह्या तेव्हा कुठे होत्या?

रहदारीचं म्हणाल तर मागच्या दिवाळीत बी विंगच्या आजोबांना न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स गल्लीत अडकली, हे खरं, आणि हे गंभीर आहे. पण ती कशाने अडकली? मी खाली होते. भाजीवाल्यांनी अर्ध्या मिनिटात टोपल्या उचलल्या, केळीवाल्याने गाडी कडेला घेतली. अडकली ती दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळे, त्यातली एक आपल्याच एका सदस्यांची होती आणि ते जिममध्ये होते. नाव घेत नाही.

मासळीबद्दल थोडंच बोलते कारण तो विषय निघाला की ग्रुपवर दोन तट पडतात. तीन कोळणी बसतात, त्याही बुधवार, शुक्रवार, रविवार, त्यातून श्रावणात तर नाहीच. अर्जात "दुर्गंधी" असा शब्द घातलाय आणि तो कोबीच्या पानांबद्दल नाही हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी तो सहन करावा असं मी म्हणत नाही, कोळणींसाठी जागा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला करता येईल, त्या बायका तयार आहेत, मी विचारलंय. पण ज्यांच्या घरी रविवारी ॲपवरून स्वच्छ केलेली सुरमई थर्माकोलच्या खोक्यात येते त्यांनीही त्या दुर्गंधीखाली सही केलीय, ह्याचं मला हसू आलं. कल्ला उचलून लाल आहे की काळपट ते बघायचं, बोंबील हातात धरून किती लोळतो ते बघायचं, हे माझ्या सासूबाईंनी मला मासळीच्या ओट्यावर शिकवलं. खोक्यातल्या तुकड्याला कल्ला नसतो.

राहता राहिला दर्जा. हा शब्द मला सगळ्यात जास्त टोचला. मागच्या वर्षी आपणच सोसायटीच्या लॉनवर "फार्मर्स मार्केट" भरवलं होतं ना, पांढऱ्या छत्र्या, ज्यूटच्या पिशव्या, खडूने लिहिलेले फलक. मेथीची जुडी चाळीस रुपये आणि लोक रांगा लावून घेत होते, आणि तिथून दोनशे पावलांवर तशीच मेथी वीसला. करटोली तर साठ रुपये पाव. कृषी विभागाचा रानभाज्यांचा महोत्सव झाला तेव्हाही आपल्यातल्या निम्म्या जणांचे टाकळा आणि कुर्डूबरोबर फोटो होते. म्हणजे टाकळा वाईट नाही, तो टेबलावर असेल तर. जमिनीवर पसरलेल्या निळ्या प्लास्टिकवर तोच टाकळा ठेवला की लगेच परिसराच्या दर्जास बाधा. आठवडी बाजाराला माझा विरोध नाही, २०१६ मध्ये सरकारने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या आणि शहरांत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरायला लागले ते चांगलंच झालं, मी जाते. पण तो आठवड्यातून एकदा, आणि रोजचं जेवण रोज करावं लागतं.

माझं माहेर पुण्याचं, म्हणून हे जरा जास्त लागतं की काय कोण जाणे. बाबा रविवारी मला मंडईत न्यायचे, दोन कापडी पिशव्या, एक भाजीची एक फळांची, आणि भाजी घेण्यापेक्षा तिथे उभं राहून चार लोकांशी वाद घालणं हेच मुख्य काम, उगाच नाही लोक मंडई विद्यापीठ म्हणत. ती अष्टकोनी दगडी इमारत १८८६ ची, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट. बाबा सांगायचे की ज्योतीराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना ह्या इमारतीवर पैसे उधळायला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणून, आणि पुढे अत्र्यांच्या पुढाकाराने नाव लागलं ते फुल्यांचंच. बाबांना हे सांगताना फार हसू यायचं. सांगायचा मुद्दा हा की बाजाराला नीट छप्पर, ओटे, पाणी द्यायचं तर ते शहर देऊ शकतं, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी दिलेलं आहे. आणि आता तर त्याच मंडईच्या नावाने मेट्रोचं भुयारी स्टेशन आहे, २०२४ च्या सप्टेंबरपासून, तिथे कोणाच्या दर्जाला बाधा आलेली ऐकली नाही.

अजून एक, तो फॉरवर्ड. "मॉलमध्ये मुकाट पैसे देता मग गरीब भाजीवालीशी घासाघीस का करता." तो मला वर्षातून चार वेळा येतो, आणि गंमत म्हणजे सही नंबर सात, एकोणीस आणि सव्वीस ह्यांच्याकडूनच येतो. मला तो फॉरवर्ड अजिबात आवडत नाही. मी घासाघीस करते. भरपूर करते. मावशी काही बिचारी नाहीये, ती तीस सांगते तेव्हा तिच्या मनात पंचवीस असतात, हे मला माहीत असतं आणि मला माहितीये हे तिलाही माहीत असतं, आणि त्या पाच रुपयांच्या मध्ये आमचं सगळं बोलणं होतं, तिच्या सुनेचं बाळंतपण, माझी गुडघेदुखी, ह्या वर्षी पाऊस कसा. तिने मला फसवलंयही. ओली मेथी देऊन वर "धुतलीये, तुझं काम वाचवलं", वर लाल टोमॅटो आणि खाली लिबलिबीत, काट्याला हात लावून ठेवायची एकीची सवय तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी जाऊन भांडते आणि ती दोन टोमॅटो जास्त घालते आणि तिसऱ्या दिवशी आमचं परत गोड. आणि वर मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी, ती मागायची पण नसते. मे २०२४ मध्ये ब्लिंकिटने भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली, का तर मुंबईतल्या एका आईला कोथिंबिरीचे वेगळे पैसे लावलेले बघून धक्का बसला आणि तिच्या मुलाने ते ऑनलाइन टाकलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे शिकवावं लागलं ते आपल्या गल्लीत कोणी कोणाला शिकवलेलं नाही. त्यामुळे घासाघीस करा हो, खुशाल करा, त्याने तिचा अपमान होत नाही. पाच रुपये कमी कर म्हणणारी बाई उद्या परत येणार असते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की हा अर्ज सोमवारी द्यायचा ठरलाय तो देऊ नका. दुसरा अर्ज मी लिहिलाय, "सबब" घालून लिहिलाय काका, तपासून द्या. त्यात मागितलंय ते असं: गल्लीच्या एकाच बाजूला पट्टे मारून जागा ठरवून द्या म्हणजे दुसरी बाजू ॲम्ब्युलन्सला मोकळी, त्या बाजूला आपल्याही गाड्या लावायच्या नाहीत (ह्यावर आवाज होणार हे मला माहितीये). सकाळी सात ते बारा आणि संध्याकाळी पाच ते नऊ अशी वेळ. एक नळ, दोन फिरती शौचालयं, साडेबाराला कचऱ्याची गाडी. आणि शहर फेरीवाला समितीत हा विषय घ्या म्हणून विनंती, कारण कायद्याने त्या समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत, त्यातही एक तृतीयांश बायकांच्या, आणि रहिवाशांच्या संघटनांचाही प्रतिनिधी घ्यायची सोय आहे. म्हणजे आपण तिथे समोरासमोर बसून बोलू शकतो, पाठीमागून अर्ज करायची गरज नाही. विक्रेत्यांच्या सह्या मी रविवारी घेतल्या, अठ्ठावन्न झाल्या, त्यातले बावीस अंगठे. आपल्या बाजूच्या सध्या तीन, मी, आमचे हे (दोन दिवस मागे लागावं लागलं) आणि तळमजल्यावरचे ट्यूशनवाले सर.

कोरा कागद वॉचमनच्या टेबलावर ठेवलाय, पेन बांधलेलं आहे, मागच्या वेळी कोणीतरी घेऊन गेलं म्हणून.

आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू, शेवळंवाली मावशी म्हणाली अजून पंधरा दिवसच मिळतील. मंगळवारी मी सातला उतरणार आहे, तुमचाही वाटा घेते, पण ह्या वेळी शक्यतो तुम्हीच चला. ती विचारत होती, मागच्या वर्षी कोलंबी घालून केली होती ती कोणी म्हणून. मी सांगितलंय, माझ्या वरच्या काकूंनी.

तुमची,
बी विंग, तिसरा मजला
(सही न केलेली)